प्लग काळा का पडतो?

खानदेशात ज्यांच्या घरी एके काळी चेतक, लूना, राजदूत किंवा येझदी होती, त्यांना स्पार्क प्लगची ओळख वेगळी करून द्यायला नको. स्कूटरच्या डिकीत, नाहीतर मोटारसायकलच्या बाजूच्या डब्यात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जादा प्लग असायचाच. जळगावहून एरंडोल-पारोळा करत धुळ्याला निघालेला माणूस एक वेळ पाण्याची बाटली विसरेल, पण प्लग विसरायचा नाही. वाटेत गाडीने आचके दिले, धूर सोडला आणि ती बंद पडली, की पहिला हात प्लगच्या टोपीकडे जायचा. प्लग काढायचा, त्याच्या तोंडावरची काजळी घासायची, फुंकर मारायची, परत बसवायचा. दोन-चार किकांत गाडी सुरू. ‘कार्बन धरला होता’ असं म्हणून माणूस पुढच्या वाटेला लागायचा.

हा उपाय इतका हमखास होता, की त्यामुळे एक मोठा गैरसमज पक्का झाला. प्लग साफ केला की गाडी चालते, म्हणजे दोष प्लगचाच, असं सगळ्यांना वाटू लागलं. वास्तविक काळा पडलेला प्लग हा आजार नसतो, ती आजाराची खूण असते. जिभेवर पांढरा थर आला म्हणून कोणी जीभ बदलत नाही. इंजिनाच्या जळणाऱ्या पोटात डोकावणारी एवढी एकच वस्तू बाहेर काढून हातात धरता येते. तिच्यावरचा रंग न वाचता ती नुसती पुसून टाकणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड धुऊन त्याला घरी पाठवण्यासारखं आहे. आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. प्लग काळा पडू नये म्हणून आपल्याकडे जे दोन घरगुती उपाय सर्रास झाले, पेट्रोलमधलं ऑईल कमी करणं आणि ‘गरम’ प्लग घालणं, त्यांनी जेवढी इंजिनं मारली तेवढी काजळीने कधीच मारली नाहीत.

आधी थोडा इतिहास. राजदूत ही एस्कॉर्ट्सची गाडी, मूळ पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवर बेतलेली, १७५ सीसीची. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची; ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली. पुण्याची लूना आणि आकुर्डीची चेतक या दोघी १९७२ सालच्या. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडीही आली आणि पुढचं चित्र पालटायला सुरुवात झाली. १ एप्रिल २००० पासून धुराचे निकष कडक झाले, तेव्हा टू-स्ट्रोकचं युग रस्त्यावरून जवळपास उठलं. शेतातून मात्र ते उठलेलं नाही. कपाशीवर आणि केळीवर फवारणी करणारे पाठीवरचे पेट्रोल पंप, बांधावरचं गवत कापणारी यंत्रं यांच्यात आजही बहुधा तेच लहानसं टू-स्ट्रोक इंजिन असतं. यावल-रावेरच्या किंवा शिरपूर-शिंदखेड्याच्या ज्या तरुणाने राजदूत पाहिलेलीही नाही, तोही ऐन फवारणीच्या दिवसांत दोरी ओढून ओढून घामाघूम होतो आणि शेवटी प्लग काढून घासायला बसतो.

टू-स्ट्रोकलाच हा त्रास का? फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल खाली वेगळं साठवलेलं असतं आणि ते शक्यतो जळणाच्या खोलीत जाऊ दिलं जात नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. इंग्लंडच्या जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास ही रचना केली. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली ओढलं जातं, तिथे थोडं दाबलं जातं आणि मग पोर्टमधून वर जातं. खाली तेल साठवायला जागाच उरत नाही, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते जाता जाता बेअरिंग आणि पिस्टन ओले करतं आणि शेवटी जळतं. पूर्ण जळत नाही, हाच सगळा प्रश्न. त्यातून ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, फोर-स्ट्रोकसारखी एकाआड एक फेरीला नाही. मिनिटाला पाच हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी ठिणग्या, आणि त्याही तेलाच्या वाफेत.

ठिणगीला दहा-पंधरा हजार व्होल्ट, प्रसंगी त्याहूनही अधिक दाब लागतो. तेवढा दाब तयार होईपर्यंत वीज प्लगच्या मधल्या दांड्यावर अडून राहायला हवी. तिला अडवून धरतो तो दांड्याभोवतीचा पांढरा चिनीमातीचा भाग. काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून वीज वाहते. चिनीमातीवर काजळीचा थर बसला, की फटीतून उडी मारण्याऐवजी वीज त्या थरावरून गुपचूप बॉडीकडे उतरून जाते. भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखं हे आहे. भरतं तेवढंच गळतं. पॉइंट आणि कॉईलच्या जुन्या गाड्यांत विजेचा दाब सावकाश चढतो, त्यामुळे गळायला वेळ भरपूर मिळतो. आरएक्स १०० सारख्या सीडीआय इग्निशनच्या गाडीत तो कितीतरी पट झपाट्याने चढतो. वीज गळण्याच्या आत ठिणगी पडून जाते. तोच काळा प्लग राजदूतमध्ये बंद आणि आरएक्समध्ये चालू, हा चमत्कार अनेकांनी पाहिला असेल. त्याचं कारण हे.

इथे एका सवयीबद्दल सांगायला हवं. प्लग काढून सिलिंडरच्या पात्यांना टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणायचं. ही तपासणी अर्धीच आहे. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते. इंजिनात दाबलेल्या मिश्रणातून तिला उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर पिवळी, बारीक, केसासारखी ठिणगी दिसली तर आत ती नाहीच असं समजावं. निळी आणि ‘चट’ असा आवाज करणारी हवी. आणि प्लगच्या मोकळ्या भोकापासून ठिणगी दूर ठेवावी, कारण किक मारताना त्यातून पेट्रोलची वाफच बाहेर येत असते.

आता रंग वाचू. त्याआधी एक अट: घरासमोर पाच मिनिटं आयडलवर चाललेल्या गाडीचा प्लग काहीही सांगत नाही, तो नेहमी काळाच दिसणार. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली तापू द्यावी, तीन-चार किलोमीटर बऱ्यापैकी ॲक्सिलरेटर देऊन चालवावी आणि मग एकदम इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा. गाडी आपोआप कडेला लागू द्यावी. थोडी निवल्यावर प्लग काढावा, कारण डोकं ॲल्युमिनियमचं असतं आणि गरमागरम असताना पाना मारला तर आटे सोलवटतात. अशा प्लगवर इंजिनाचं खरं कामकाज लिहिलेलं असतं.

दूध कमी घातलेल्या चहासारखा किंवा फिकट विटकरी रंग आला तर सगळं ठीक. कोरडी, मखमली काजळी, अगदी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्यावर असते तशी आणि बोटाला सहज लागणारी, दिसली तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, चकचकीत, तेलकट काळा असेल तर तेल आत येतंय. ओला आहे पण काळा नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तर मिश्रण पोचतंय पण ठिणगी पडत नाही. मग पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, टोपी यांच्याकडे वळावं. दोन टोकांच्या मधोमध राखेसारखा कठीण पूल बांधला गेला असेल तर तेल चुकीचं आहे. फोर-स्ट्रोकच्या इंजिन ऑईलमध्ये कॅल्शियम, जस्त अशा धातूंची द्रव्यं घातलेली असतात. ती जळून राख होते आणि फट भरून टाकते. ‘घरात उरलंय’ म्हणून ट्रॅक्टरचं तेल फवारणी पंपात घालणाऱ्यांनी हा पूल पाहिलेला असतो. आणि पांढराफटक, त्यावर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके असलेला प्लग दिसला, तर गाडी पुढे चालवूच नये. ते चंदेरी ठिपके म्हणजे वितळायला लागलेला पिस्टन असतो.

कोरड्या काजळीचं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं कारण मला एअर फिल्टर वाटतं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्यात हंगामात कपाशीची तूस. जिनिंगच्या रस्त्याला फिल्टरवर काही दिवसांतच गोधडी तयार होते. इंजिनाला श्वास मिळेनासा झाला, की ते पेट्रोल जास्त ओढतं. मिस्तरी जेट बदलतात, स्लाईडची सुई वर-खाली करतात, आणि फिल्टर तसाच. त्याच्या उलट टोकाला सायलेन्सर. त्यात वर्षानुवर्षं कार्बन साचला, की जळका धूर पूर्ण बाहेर पडत नाही आणि नवं मिश्रण खराब होतं. धुळे-जळगावच्या गॅरेजांसमोर सायलेन्सर जाळायचे, ते गावठी दिसलं तरी शास्त्रशुद्ध होतं. पोर्टचं तोंडही त्याच वेळी खरवडून घेतलं तर काम पूर्ण.

दुसरं कारण हवामान. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या खाली उतरतो. तापलेली हवा विरळ असते. दहा अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत, त्याच घनफळात, सुमारे अकरा टक्के कमी प्राणवायू असतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. जेटचं भोक तेवढंच असतं, म्हणून मे महिन्यात मिश्रण आपोआप थोडं दाट होतं. हिवाळ्यात वेगळी गोष्ट. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली जाते, दूध घालायला चौकापर्यंत नेली जाते आणि बंद केली जाते. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. चौकापर्यंतच्या फेरीत ते तेवढं तापतच नाही. रोज एक किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा प्लग काळा पडला तर त्यात गाडीचा दोष नाही; आठवड्यातून एकदा तिला शेतापर्यंत दामटून आणावं.

या प्रश्नाचं दुसरं टोक कॅनडात आहे. क्यूबेकमधल्या वाल्कूर गावच्या बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू ही बर्फावर चालणारी छोटी गाडी बाजारात आणली. तिच्यात आणि तिच्यामागून आलेल्या गाड्यांत वर्षानुवर्षं टू-स्ट्रोक इंजिनच होतं. उणे तीस अंशांची हवा आपल्या मे महिन्याच्या हवेपेक्षा सुमारे तीस टक्के दाट. तिथे कडाक्याच्या थंडीसाठी मोठा जेट लावला जातो, आणि तोच जेट थंडी ओसरलेल्या दिवशी ठेवला तर प्लग काळा पडतो. भुसावळच्या उन्हात येझदी ढकलणारा आणि बर्फात गाडी ओढणारा, दोघंही एकाच हिशेबात अडकलेले.

तेलकट प्लगचं कारण शोधताना सगळ्यांची नजर टाकीकडे जाते, पण चेतकसारख्या गाडीत बऱ्याचदा चोर वेगळाच असतो. क्रँकशाफ्टच्या दोन बाजूंना दोन ऑईल सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं, की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते तिने गिअरबॉक्सचं तेल आत खेचलं जातं. प्लग तेलात न्हातो, पांढरानिळा धूर मागच्याच्या तोंडावर जातो आणि टाकीत ऑईल कितीही कमी घातलं तरी फरक पडत नाही. खूण सोपी आहे: गिअर ऑईलची पातळी कमी होत जाते आणि खाली जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही. दुसऱ्या, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर उलट होतं. तिथून नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरा पडतो. एकाच जातीचं सील, दोन विरुद्ध रंग. हे पाहूनच मिस्तरीची पारख व्हायची.

आता त्या दोन घातक उपायांकडे येऊ. चेतकला लिटरमागे वीस मिलि टू-टी ऑईल, म्हणजे दोन टक्के. गाडी चाळीसचं ॲव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला अर्धा मिलि, डोळ्यात घालायच्या औषधाचे साधारण दहा थेंब. त्या दहा थेंबांत पिस्टनने चार-पाच हजार वेळा वर-खाली करायचं असतं. प्लग काळा पडतो म्हणून कोणी ते निम्मं केलं, तर लिटरभरातून दहा मिलि तेल वजा होतं. तुंबलेल्या फिल्टरमुळे होणाऱ्या काजळीपुढे हा फरक नगण्य आहे. पण वंगण मात्र थेट अर्धं झालं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली, की पेट्रोल जवळजवळ थांबतं आणि त्याच्याबरोबर तेलही. इंजिन मात्र जोरात फिरतच असतं. ‘घाटात पिस्टन पकडला’ या प्रकारच्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ इथे आहे. जुने लोक उतारावर मधूनमधून उगाच ॲक्सिलरेटर देत, ते उगाच नव्हतं.

दुसरा उपाय गरम प्लगचा. प्लगची चिनीमातीची नळी आत लांब असेल तर तिच्यातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तो गरम प्लग. आखूड असेल तर थंड. इंजिनाला सांगितलेल्या प्लगपेक्षा गरम प्लग काजळी जाळून टाकतो हे खरं, पण चढावर, भारावर त्याचं टोक आठशे-साडेआठशे अंशांच्या वर गेलं तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. त्यात आकड्यांचा घोळ. आपल्याकडे प्लग म्हणजे मायको. बंगळूरची ही कंपनी १९५१ ची, २००८ पासून तिचं नाव बॉश. तिच्या जुन्या खुणांमध्ये १७५, २२५ असे आकडे असत आणि आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. नव्या खुणांमध्ये ४, ५, ७ असे आकडे आले आणि नियम उलटला. आता मोठा आकडा म्हणजे गरम. एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड, चँपियनमध्ये मोठा आकडा गरम. दुकानदाराने ‘त्याच्याच जागी हा चालतो’ म्हणत दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा हातावर ठेवला, तर काय होईल याचा अंदाज करावा.

इंधनाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रेशनचं रॉकेल आणि पेट्रोल यांच्या भावात फार मोठी तफावत असलेल्या काळात भेसळ हा उघड धंदा होता. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, उशिरा वाफ होणारं. आयडलवर ते नीट जळत नाही आणि काजळी धरतं. भारावर त्याची ऑक्टेन कमी पडते, इंजिन ठोके देतं आणि तापतं. प्लग काळा, पिस्टन करपलेला, अशी दोन विरुद्ध लक्षणं एकत्र दिसली की भेसळीचा संशय घ्यावा. गरिबाच्या गाडीचा प्लग काळा होता आणि त्याला सांगितलं जायचं, ‘तू ऑईल जास्त टाकतोस.’ या धंद्यामागे काय ताकद होती, ते खानदेशाच्या उंबऱ्यावरच दिसलं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात भेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जाळून मारलं. तेलसाठे तिथे, आणि चोरटे धंदे त्यांच्या सावलीत. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकला तर तो डाग न ठेवता उडून जायला हवा. टू-स्ट्रोकवाल्याने मात्र ही परीक्षा ऑईल मिसळण्याआधी करावी. नंतर डाग पडणारच आणि पंपवाला हसणार.

आता भेसळ नव्हे, धोरणच बदललं आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारं मिश्रण पातळ ठरतं. परिणामी जुन्या इंजिनांचे प्लग हल्ली काहीसे फिके, स्वच्छ दिसू शकतात. पूर्वी जो माणूस काळा प्लग पाहून घाबरायचा, तो आता पांढरा प्लग पाहून खूश होतो. भीतीची जागा बदलायला हवी आहे. सुई एक खाच वर घ्यावी, जेट एक नंबर मोठा करून पाहावा, आणि रंग पुन्हा चहावर आणावा. सील आणि नळ्याही पाहाव्यात. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

इथेनॉल पाणीही ओढून घेतं. कपाशीची शेवटची फवारणी झाली, की पंप धुऊन गोठ्याच्या आढ्याला टांगला जातो, टाकीत बोटभर पेट्रोल तसंच. पुढच्या आठ महिन्यांत त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी उरतं ते घट्ट झालेलं तेल. वर ओलसर हवेतलं पाणी. जुलैत पहिल्यांदा दोरी ओढली की तेच प्लगवर येतं, आणि दोष पुन्हा प्लगच्याच माथी. टांगण्यापूर्वी टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत पंप चालवून बंद पडू द्यायला पाच मिनिटं लागतात. मग प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी ऑईल सोडावं, दोरी दोनदा हळू ओढावी आणि प्लग हातानेच, पाना न लावता, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात तो एकदा पुसावा लागेल, एवढंच.